उसनी घेतलेली घंटा

एका राज्यात मकरध्वज नावाचा एक राजा होता. त्याला एकुलती एक लेक होती, हेमप्रभा तिचं नाव. आणि त्याच राज्यात, वेशीच्या बाहेर, नगरावरून गेलेला वारा जिकडे उतरतो त्या अंगाला, धुरपा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा गोंदा आणि तिची लेक साळू. राजकन्येची गोष्ट सगळेच सांगतात. ही गोष्ट धुरपाची आहे.

धुरपा राखोळ्यांची. राखोळे म्हणजे घरोघरच्या चुलींची राख उचलणारे. सकाळी राख उचलायची, वस्तीवर न्यायची, फडक्यातून गाळायची आणि लोण्यासारखी मऊ झाली की परत नगरात नेऊन दारोदार ठेवायची. त्याच राखेनं घरोघरचे हंडे लखलखत, देवाची समई उजळे, राजाचं ताट आरशासारखं होई. पण त्या ताटावर राख आणणारीची सावली पडली, की ताट बाटलं! राख चालते, हात चालत नाही. असा तिथला न्याय!

राखोळ्याच्या पोराला सातवं वर्ष लागलं, की पौर्णिमेला त्याच्या गळ्यात लाकडाची घंटा बांधत, गुरांच्या गळ्यात असते तशी. खडखड ऐकू आली की नगरातले लोक अंग चोरून बाजूला होत. ती घंटा न्हाताना काढायची नाही, बाळंतपणात काढायची नाही, सरणावरही तशीच जायची. राखोळ्यांनी आणखी एक गोष्ट जपायची, ती म्हणजे वारा. चिमूटभर राख कुणाच्या पदरावर उडाली तरी पाठीवर वळ उठत. म्हणून राखोळ्याचं पोर बोलायच्या आधी वारा ओळखायला शिकायचं.

तीन वर्षांमागं काय झालं, तर पावसानं वस्तीतल्या साऱ्या चुली विझल्या. शेजाऱ्यानं विस्तव मागितला तर नाही म्हणू नये, हा रिवाज त्या राज्यातही होता. म्हणून धुरपाची सासू, भागा म्हातारी, हातात खापर घेऊन नगरात गेली. पाणवठ्याचा रखवालदार भुजबा आपल्या दारात शेकत बसला होता.

"बाबा, विस्तव दे."

"देतो की. खापर कशाला? हात पुढं कर."

म्हातारीनं हात पुढं केला. त्यानं चिमट्यानं निखारा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. बघणारे हसले. म्हातारी ओरडली नाही आणि तिनं निखारा टाकलाही नाही. तसाच हातावर घेऊन ती वस्तीपर्यंत चालत आली, आपली चूल पेटवली आणि नगराकडे तोंड करून म्हणाली, "मागणाऱ्याचे हात कसे थरथरतात, ते तुम्हाला कळेपर्यंत तुमच्या आगीला ऊब येणार नाही."

एवढं बोलून म्हातारीनं प्राण सोडला. तिची चूल मात्र पुन्हा कधी विझली नाही.

त्या दिवसापासून नगरात आग पेटायची, लाकडं जळायची, राखही व्हायची, पण तांदूळ शिजेना आणि दूध तापेना. राजाचं कोठार धान्यानं शिगोशीग भरलेलं आणि लोक भिजवलेले हरभरे चावताहेत! शिपाई राखोळ्यांच्या वस्तीतून दांडगाईनं विस्तव घेऊन गेले, तर वेशीत शिरताच तो गार पडला. वस्तीत भात शिजत होता, त्याचा वास नगरात येत होता. पण तो खाणार कोण? उपाशी राहतील, पोरांची पोटं बिघडतील, पण राखोळ्याच्या हातचं? छे!

राजानं भृंगनाथ मांत्रिकाला बोलावलं. भृंगनाथाचं वय तीनशे वर्षं होतं आणि त्याची सावली त्याच्या पुढून चालायची. तो म्हणाला, "राजा, शापाचा उतारा शापातच सांगितला आहे."

हेमप्रभानं ते ऐकलं. ती उठून म्हणाली, "मग मी राखोळी होईन. मागणाऱ्याचे हात मी अनुभवीन आणि नगराला सांगेन."

तिच्या मनात खोट नव्हती, हे सांगायला पाहिजे. पण मनात खोट नसली म्हणून हातून चूक होत नाही, असं थोडंच आहे?

भृंगनाथानं तिला एक काळा दोरा दिला. "राखोळीच्या गळ्यातली घंटा या दोऱ्यात ओवून तू आपल्या गळ्यात बांध. तिचं रूप तुझं होईल, तिचा आवाज तुझा होईल. घंटा काढलीस की तू पुन्हा तू."

"आणि ती?"

"तिची घंटा तिच्या गळ्यात परत पडेपर्यंत ती कुणाला दिसणार नाही, कुणाला ऐकू येणार नाही. पाखरांखेरीज."

"तीनच दिवस तर आहेत," हेमप्रभा म्हणाली.

ती वस्तीवर आली तेव्हा गोंदा छपराखाली एक लहानशी घंटा कोरत बसला होता, मान खाली घालून. साळूला सातवं लागलं होतं आणि पौर्णिमा सात दिवसांवर आली होती.

"धुरपा, तुझं रूप मला तीन दिवस दे."

"माझं रूप घेऊन काय करणार, बाईसाहेब? कुत्रं हुंगत नाही त्याला."

"मी तीन दारांशी जाईन. पाण्याच्या, अन्नाच्या आणि न्यायाच्या. तुम्हाला कसं वागवतात ते स्वतः भोगीन आणि नगराला सांगेन."

"ते आम्ही सांगतोच आहोत. सासू सांगून गेली, तिची सासूही सांगून गेली."

"तुमचं कुणी ऐकत नाही."

"मग आमचं ऐका, असं सांगा की त्यांना. ते नाही व्हायचं तुमच्यानं?"

हेमप्रभाची नजर साळूकडे गेली. "शाप सुटला, तर हिच्या गळ्यात घंटा बांधली जाणार नाही. माझं वचन आहे."

धुरपानं लेकीच्या गळ्याकडे पाहिलं. कोवळा, मोकळा गळा, त्यावर एक तीळ. तिच्या स्वतःच्या गळ्याला घंटेच्या दोरीनं घट्टा पडला होता. तरीही 'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोच तिला राजकन्येच्या मागचे बारा भालाईत दिसले. राजाच्या लेकीनं मागितलं की ते मागणं राहत नाही.

तिनं घंटा काढून दिली.

हेमप्रभानं दोरा ओवला आणि घंटा गळ्यात बांधली. धुरपासमोर धुरपा उभी राहिली. साळू धावत आली आणि खऱ्या आईच्या अंगातून, वाऱ्यातून जावं तशी, आरपार निघून गेली. "आई, कुठं चाललीस गं?" असं तिनं त्या दुसरीला विचारलं.

पहिल्या दिवशी राजकन्या पाण्याच्या दाराशी गेली. डोक्यावर राखेची पाटी होती, गळ्यात घंटा वाजत होती. मागून धुरपा चालली. पाणवठ्याच्या कडेला, उघड्या माळावर टिटवीचं घरटं होतं. टिटवी म्हणजे अपशकुनी पाखरू, तिलाही लोक धोंडे मारायचे. तिला धुरपा दिसली.

"टिट् टिट्! धुरपे, तुझं रूप बघ कसं चाललंय! जसा काही रस्ता तिच्या बापाचाच!"

"तिच्या बापाचाच आहे," धुरपा म्हणाली.

राखोळी पाणवठ्यावर गेली की लांब बसते, कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरते. हेमप्रभा थेट काठावर गेली. आणि कुठं उभी राहिली? वाऱ्याच्या अंगाला! "बाईसाहेब, वारा! वारा बघा!" धुरपा ओरडली, पण ऐकणार कोण? झुळूक आली, पाटीतली राख उडाली आणि सगळ्या पाण्यावर पसरली.

भुजबा काठी घेऊन धावला. एक मारली, दोन मारल्या, तीन मारल्या. राजकन्येनं खरा मार खाल्ला, खोटा नाही. ती चिंचेच्या आड पळाली, घंटा सोडली, राजकन्या झाली. तिथं पालखी उभीच होती. वाड्यावर दोन वैद्यांनी तिच्या पाठीला चंदन लावलं. ती रडत म्हणाली, "किती निर्दय आहेत हे लोक!"

आणि भुजबा? तो वस्तीवर गेला.

"गोंद्या, तुझ्या बायकोनं पाणवठा नासवला."

"माझी बायको?" गोंदा म्हणाला. "ती वारा बघितल्याशिवाय शिंकत नाही, मालक."

त्याला बांधला आणि फरफटत नेऊन राजाच्या तळघरात टाकला. धुरपा भुजबाच्या वाटेत उभी राहिली, तो तिच्यातून चालत गेला. छपराखाली साळू एकटी राहिली आणि तिच्यासमोर ती अर्धी कोरलेली घंटा.

दुसऱ्या दिवशी राजकन्या अन्नाच्या दाराशी गेली. प्रधानाच्या घरी लग्न होतं. शिजलेलं काही नव्हतं, पण केळी होती, दही होतं, भिजवलेल्या डाळी होत्या. पंगत बसली होती. राखोळ्यांनी मांडवाबाहेर थांबायचं आणि उष्टं टाकलं की उचलायचं, हा तिथला दस्तूर. हेमप्रभा सरळ पंगतीत जाऊन पाटावर बसली. बायका किंचाळत उठल्या. तिला वेणीला धरून बाहेर ओढलं, तिच्यावर खरकटं पाणी ओतलं. तिनं तेही सोसलं. मग कुडाआड गेली, घंटा सोडली, पालखीत बसली.

आणि पंगतीतले पुरुष? तेही हातात बडगे घेऊन वस्तीवर गेले. "माजलेत हे!" म्हणाले आणि एकेका घराचा पाण्याचा रांजण फोडत गेले. राखोळ्यांना पाणवठा बंद, रांजण फुटलेले. वस्तीतल्या पोरांना पाण्याचा थेंब मिळेना.

धुरपानं फुटक्या रांजणाच्या बुडात राहिलेलं घोटभर पाणी खापरात घेतलं आणि साळूसमोर धरलं. साळूला आई दिसेना. खापर आपोआप हवेतून येताना दिसलं.

"भूत! भूत!" पोर किंचाळून कोपऱ्यात लपली. पाणी तसंच राहिलं.

तेव्हा धुरपा माळावर जाऊन बसली आणि पोटात धुमसत असलेलं सगळं तिनं टिटवीपाशी बोलून टाकलं. "टिटवे, मारणाऱ्याला मी ओळखते गं. पण ही कोण? ही माझं तोंड लावून घराबाहेर पडते, मार खाऊन घरी जाते आणि तिनं खाल्लेल्या माराचं माप माझ्या घरात उतरतं!"

टिटवी म्हणाली, "उद्या तिसरं दार आहे. तिथं तुझी घंटा गळ्यावरून उतरेल. तेव्हा हात लांब कर, धुरपे. कुणी देईल म्हणून थांबू नको."

तिसऱ्या दिवशी राजकन्या न्यायाच्या दाराशी गेली. दरबार भरला होता. हेमप्रभा धुरपाच्या रूपात बापासमोर उभी राहिली.

"महाराज, मला पाण्यावर मारलं, अन्नावरून उठवलं. न्याय द्या."

मकरध्वजानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घंटा ऐकली आणि नाकाला शेला लावला. "पाणवठा नासवणारी ती हीच का? हिला, हिच्या नवऱ्याला आणि पोरीला नदीपार हाकला."

"महाराज, माझं म्हणणं तरी ऐका."

"राखोळीचं म्हणणं ऐकायला दरबार असतो काय?"

तेव्हा हेमप्रभानं गळ्यातली घंटा सोडली.

सगळा दरबार उभा राहिला. राजाच्या हातातून राजदंड गळून पडला. "माझी पोर! माझी पोर!" म्हणत तो सिंहासनावरून उतरला आणि दिलेली शिक्षा त्यानं तिथंच मागं घेतली. भुजबानं धावत येऊन राजकन्येच्या पायावर लोळण घेतली. "बाईसाहेब, क्षमा करा! मी ओळखलं नाही!" प्रधानाची बायको हुंदके देत होती, "ओळखलं नाही हो!" ज्यांनी वेणी ओढली त्यांनी तोंडात मारून घेतलं. जो तो तेच म्हणत होता, ओळखलं नाही, ओळखलं नाही.

मग हेमप्रभानं तीन दिवसांची हकीकत सांगितली. तिनं ती फार चांगली सांगितली. भालाईतांचेही डोळे भरून आले. भाटांनी उभ्या उभ्या तिच्या धैर्याचं गाणं रचलं. राजा म्हणाला, "ही घंटा सोन्यानं मढवा. तोवर दरबाराच्या दारापाशी खुंटीला टांगा. आमच्या लेकीनं काय सोसलं, त्याची आठवण राहील."

घंटा कुणाची, हे कुणी विचारलं नाही. हेमप्रभालाही त्या कौतुकात त्याचं भान राहिलं नाही.

दरबारातच चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं. आता नगराला दुःख कळलं, नगर रडलं, आता भात शिजणारच! जाळ छताला लागला. दोन घटका गेल्या. झाकण काढलं, तर तांदूळ खड्यांसारखे कोरडे ठणठणीत.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. भृंगनाथाची सावली तेवढी दाराकडे वळून बसली.

आणि तेवढ्यात घंटा वाजली. खड्, खड्, खड्!

खुंटीवरची घंटा हवेतून चालत येत होती. आवाज ऐकला मात्र, दरबारातले सगळे लोक सवयीनं अंग चोरून बाजूला झाले. सरदार बाजूला झाले, भाट झाले, प्रधान झाला. सिंहासनापर्यंत सरळ वाट मोकळी झाली. त्या वाटेनं धुरपा चालत गेली, राजासमोर उभी राहिली आणि घंटा तिनं आपल्या गळ्यात अडकवली.

तीन दिवसांनी ती दिसली. फाटकं लुगडं, सुकलेले ओठ, आणि डोळे असे की राजानंही पाऊल मागं घेतलं.

"ओळखलं का?" तिनं भुजबाला विचारलं.

भुजबानं तोंड फिरवलं.

"बाईसाहेबांना ओळखलं असतंस तर मारलं नसतंस, होय ना? म्हणजे काठी चुकली नाही, पाठ चुकली! मला मारलं असतंस तर आज इथं कुणाच्या डोळ्यात पाणी आलं असतं? महाराज, तुम्ही सांगा. ती शिक्षा तुम्ही मागं घेतलीत ती कुणासाठी? माझ्यासाठी?"

राजानं पडलेल्या राजदंडाकडे नजर वळवली.

हेमप्रभा पुढं झाली. "धुरपा, मी तुमच्यासाठीच मार खाल्ला गं."

"खाल्लात. खरा खाल्लात, मी मागं उभी होते. पण सुटायची गाठ तुमच्या गळ्यापाशी होती, बाईसाहेब. माझ्या सासूच्या हातावर निखारा ठेवला, तेव्हा ती कुठली गाठ सोडणार होती? तुमचे हात थरथरले का? नाही थरथरले. थरथरतील कसे? चिंचेआड पालखी उभी होती."

"पण मी सगळं सांगितलं."

"अर्धं सांगितलंत. उरलेलं अर्धं मी सांगते. माझा नवरा तीन दिवस तुमच्या पायाखालच्या तळघरात आहे. वस्तीत एक रांजण धड नाही. माझी लेक मला भूत समजून तहानलेली झोपली."

हेमप्रभाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असेल? दर वेळी घंटा सोडलीत आणि गेलात. मागं काय होतं ते बघायला थांबलात कुठं?"

राजानं खूण केली, शिपाई धावले आणि गोंदाला वर घेऊन आले. उजेडानं त्याला डोळे उघडवेनात. त्यानं नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "धुरपे, तू नव्हतीस ना ती? मी म्हटलं होतं त्यांना."

तेव्हा कुठं धुरपाच्या डोळ्यात पाणी आलं.

"बाई," राजा म्हणाला, "काय हवं ते माग. पण शाप सोडव."

"मी का मागू?" धुरपा म्हणाली. "मागायची पाळी माझी नाही."

तिनं नवऱ्याला हाताशी धरलं आणि ती दरबारातून निघून गेली. घंटा वाजत गेली आणि या वेळी लोक बाजूला झाले ते माना खाली घालून.

पौर्णिमेला आता चार दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी राजानं प्रधानाला हत्तीवर बसवून पाठवलं. प्रधान हत्तीवरूनच म्हणाला, "महाराजांनी विस्तव मागितला आहे."

"हा निरोप झाला," धुरपा दारातून म्हणाली. "मागणं नव्हे. हत्ती तेवढा वळवून न्या, अंगणात पोरं आहेत."

दुसऱ्या दिवशी हेमप्रभा एकटी आली. तिनं फाटकं लुगडं नेसलं होतं, तोंडाला राख फासली होती, पाय अनवाणी होते. हात जोडून ती दाराशी उभी राहिली.

धुरपानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे सोंग आणि कशाला? आमचं लुगडं नेसल्यावर मगच तुम्हाला वाकता येतं होय? स्वतःच्या लुगड्यात वाकता येत नाही?"

हेमप्रभाच्या गालावरच्या राखेतून दोन ओघळ आले. "मग मी कशी येऊ?"

"तुम्ही आहात तशा या. ज्यांनी आम्हाला पाण्याला, अन्नाला, न्यायाला नाही म्हटलं त्यांना घेऊन या. आणि एक ऐका. त्या दिवशी पाणवठ्यावर तुम्ही वाऱ्याच्या अंगाला उभ्या राहिलात. माझं रूप घेतलंत, आवाज घेतलात, पण वारा तुम्हाला मागता आला नाही. रूप घ्यायच्या आधी एकदा विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

राजकन्या परत गेली. वाड्यावर तिनं तोंड धुतलं आणि त्या दिवशी कुणाला काही भाषण केलं नाही. फक्त बापासमोर बसून म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हाला चालत यावं लागेल. आणि ती नाही म्हणेल, हेही मनात धरून यावं लागेल."

तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी पाहिलं, तर वेशीतून माणसांची रांगच रांग येत होती. पुढं हेमप्रभा होती, आपल्या भरजरी लुगड्यात, आपल्या तोंडानं. मागं अनवाणी राजा, त्याच्यामागं प्रधान, त्याची बायको, सारं नगर. प्रत्येकाच्या हातात एकेक खापर. वस्तीपाशी येताच हेमप्रभानं चिमूटभर माती उचलून वर सोडली, ती कुठं उडते ते पाहिलं आणि सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभं केलं.

छपरावर बसलेली टिटवी म्हणाली, "शिकली गं, शिकली!"

राजानं खापर पुढं केलं. "बाई, विस्तव दे."

धुरपा दारात उभी राहून बघत राहिली. ती नाही म्हणू शकत होती, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर तिला चुकीचं म्हणायची कुणाची छाती नव्हती. हे राजाला कळलं. मागं पालखी नव्हती, हुकूम नव्हता, सोडायला कुठली गाठ नव्हती. राजाच्या हातातलं खापर थरथरू लागलं. प्रधानाचं थरथरू लागलं. मग सगळ्या रांगेतली खापरं हातात थरथरू लागली.

त्या रांगेत भुजबाही होता. त्याच्या हातात खापर नव्हतं. त्यानं रिकामा तळहात पुढं केला, मान खाली घातली. "माझ्या हातावरच ठेव, बाई."

"नाही," धुरपा म्हणाली. "आमच्यात हातावर ठेवत नाहीत. जा, खापर घेऊन ये."

भुजबा मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.

मग धुरपानं आपल्या गळ्यातली घंटा काढली. हेमप्रभा बाकीच्यांच्या गाठी सोडायला पुढं झाली, तशी धुरपानं हात आडवा केला. "आमच्या गाठी आम्ही सोडू." वस्तीतल्या साऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी, बाया-बापड्यांनी आपापल्या घंटा सोडल्या आणि भागा म्हातारीच्या चुलीत घातल्या. पिढ्यान् पिढ्यांचं वाळलेलं लाकूड ते, कसं पेटलं म्हणता! त्याचे निखारे झाले आणि धुरपानं एकेकाच्या खापरात एकेक निखारा घातला. माफ केलं, असं ती कुणाला म्हणाली नाही. विस्तव देणं हा रिवाज आहे. माफी ज्याची त्याची.

ते निखारे वेशीतून आत गेले आणि गार पडले नाहीत. त्या दुपारी घरोघरी भात रटरटला, दूध उतू गेलं, तीन वर्षांनी पोरांनी ऊन ऊन घास खाल्ला. राजानं दवंडी पिटली, की घंटा संपली, पाणवठ्याला रखवालदार नाही, जो येईल त्यानं आपल्या हातानं भरावं. फुटल्या रांजणांच्या जागी नवे रांजण आले, आणि ते प्रधानाच्या पंगतीतल्या पुरुषांनी स्वतः डोक्यावरून वाहून आणले. भाटांचं गाणं हेमप्रभानं बंद केलं. ती रोज दरबारात बसे, आणि राखोळ्यांपैकी कुणी बोलायला उभं राहिलं की ती स्वतः गप्प राही.

पौर्णिमा आली. गोंदानं ती अर्धी कोरलेली घंटा उचलली, तिचा खळगा आणखी खोल केला, तिला लांब दांडा बसवला आणि साळूसाठी भात वाढायची डवली केली. धुरपानं लेकीला न्हाऊ घातलं, तिच्या मोकळ्या गळ्यात लाल गुंजांची माळ घातली. मग दोघी घागरी घेऊन पाणवठ्यावर निघाल्या, भर रस्त्यानं, भर दिवसा.

थोडं चालल्यावर धुरपा दचकली. मागून खडखड नाही, काही नाही. पोर मागं आहे की नाही ते कळेना. तिला थांबून वळून बघावं लागलं.

"साळू, कुठं आहेस गं?"

"ही काय आई, तुझ्या मागंच तर आहे!"